घरातल्या समुद्रातील आगंतुक

बहर हा शब्द आपल्या भाषेत शुभ आहे. जाईला बहर आला, आंबा बहरला असे म्हटले की ऐकणाऱ्याचे मन प्रसन्न होते. पाण्याच्या संदर्भात मात्र या शब्दाचा अर्थ उलटतो. पाण्यात शैवालाला बहर येतो तेव्हा मासे गुदमरतात, पाणी गढूळते, आणि ज्याच्या देखरेखीखाली ते पाणी असते त्याची झोप उडते. गेली सात वर्षे माझ्या दिवाणखान्यात असे एक पाणी आहे. त्यात वेळोवेळी आलेले हे नकोसे बहर आणि त्यांच्या जोडीने आलेले काही आगंतुक प्राणी यांच्याविषयी, श्रोतेहो, आज मी आपल्याशी बोलणार आहे.

लहानपणी सुटीत मुंबईला गेलो की मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाची फेरी ठरलेली असे. १९५१ साली उघडलेल्या त्या वास्तूत अंधाऱ्या दालनांतून काचेपलीकडचे रंगीत मासे पाहताना, रस्ता ओलांडला की खरा समुद्र आहे, हे मी विसरून जात असे. पुढे इतिहास घेऊन एम. ए. झालो, सरकारी नोकरीत शिरलो, आणि बदल्यांच्या फेऱ्यात बंगळूरला येऊन स्थिरावलो. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले. येथून मंगळूरला जा की चेन्नईला, समुद्र गाठायला साडेतीनशे किलोमीटर रस्ता तुडवावा लागतो. अशा ठिकाणी घरात समुद्र ठेवण्याची बुद्धी मला का झाली, याचे समाधानकारक उत्तर मी अद्याप घरच्या मंडळींनाही देऊ शकलेलो नाही.

माझी टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच आहे. तीत सुमारे २५० लिटर पाणी मावते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे टाकी प्रथम भरतानाच जवळजवळ पावणेनऊ किलो क्षार विरघळवावे लागले. हे स्वयंपाकघरातले मीठ नव्हे. सोडियमच्या जोडीला मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादी सर्व काही समुद्रातल्या प्रमाणात असलेले ते मिश्रण असते. पाण्याचे तापमान २५ ते २७ अंश सेल्सियस राखावे लागते, आणि त्या बाबतीत बंगळूरची हवा फारच उपकारक आहे. एप्रिलचे चार आठवडे पाण्यावर पंखा लावला की काम भागते.

येथे कायद्याचा एक मुद्दा आधीच स्पष्ट केला पाहिजे. प्रवाळभित्ती बांधणारी सर्व कठीण प्रवाळे, तसेच काळे प्रवाळ, समुद्रपंखे इत्यादी प्राणी २००१ सालापासून आपल्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्यांचे स्थान वाघाच्या शेजारी आहे. मालवणच्या खडकांवरून किंवा मन्नारच्या आखातातून प्रवाळाचा तुकडा आणून टाकीत ठेवणे हा छंद नव्हे, तो गुन्हा आहे. माझ्या टाकीतील खडक भाजलेल्या मातीचे आहेत, मासे बंदिस्त जागेत पैदा झालेले विदूषक मासे आहेत, आणि काही मऊ, कठीण सांगाडा नसलेले जीव आहेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशांच्या पैदाशीचे तंत्र आपल्याकडे विकसित केल्यापासून समुद्रातून मासे ओरबाडून आणण्याचे कारण उरलेले नाही.

आता बहराकडे वळू. टाकी भरल्यावर तीन आठवड्यांनी पांढऱ्या वाळूवर दालचिनीच्या पुडीसारखा तपकिरी थर पसरला. हे डायाटम. यांना आपल्याकडे करंडक वनस्पती असेही म्हणतात, आणि नाव अगदी समर्पक आहे, कारण या सूक्ष्म वनस्पतीचे कवच डबी व झाकण यांप्रमाणे एकात एक बसणाऱ्या दोन वाट्यांचे असते. ते कवच सिलिकेचे म्हणजे वाळूच्याच द्रव्याचे. नव्या टाकीत, नव्या वाळूत व नळाच्या पाण्यात सिलिका भरपूर असते. ती संपली की थर आपोआप ओसरतो. मी मात्र रोज संध्याकाळी कचेरीतून आल्यावर तो थर नळीने ओढून काढीत असे, आणि सकाळी तो पुन्हा जसाच्या तसा असे. दीड महिन्याने तो नाहीसा झाला तेव्हा मी त्याचे श्रेय स्वतःकडे घेतले. ते चूक होते.

खरा धडा पुढच्या वर्षी मिळाला. खडकांवर हिरव्या केसांसारखे तंतू वाढले. बोट-दीड बोट लांबीचे, मुठीत धरून उपटावेत असे. मी उपटले. ते पंधरा दिवसांत परत आले. मग माझ्या नोकरीने लावलेली सवय कामी आली. माझे आयुष्य हिशेब तपासण्यात गेले आहे. शिल्लक वाढत असेल तर जमा कोठून होते आणि खर्च का पडत नाही, हे पाहावयाचे असते. शिलकेवर रागावून उपयोग नसतो. शैवाल ही शिल्लक आहे. नायट्रोजन व फॉस्फरस या दोन द्रव्यांची ती वही आहे, आणि ती हिरव्या शाईने लिहिलेली असल्यामुळे आपले तिच्याकडे लक्ष जाते इतकेच.

मी जमेच्या बाजूपासून आरंभ केला. माझ्या टाकीतून रोज सुमारे तीन लिटर पाण्याची वाफ होते. वाफ होते ती शुद्ध पाण्याची. क्षार मागे राहतात. ही तूट मी कूपनलिकेच्या पाण्याने भरून काढीत होतो. बंगळूरच्या अनेक भागांत कूपनलिकांच्या पाण्यात नायट्रेट आढळते, कारण जमिनीखाली सांडपाणी झिरपलेले असते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट आपल्या भारतीय मानकाला मान्य आहे. आता हिशेब करा. महिन्याला ९० लिटर पाणी, लिटरमागे ४५ मिलिग्रॅम, म्हणजे ४,०५० मिलिग्रॅम. ते २५० लिटरांत विभागले की लिटरमागे १६ मिलिग्रॅम. पिण्यास पूर्णपणे योग्य ठरणारे पाणी एका महिन्यात टाकीतील नायट्रेट एवढ्याने वाढवते, आणि दुसऱ्या महिन्यात पुन्हा तेवढ्याने. त्या दिवसापासून आजतागायत पडद्यातून गाळून क्षार पूर्णपणे काढलेले पाणीच मी टाकीत घालतो.

जमेची दुसरी नोंद खाद्याची. कोरड्या मत्स्यखाद्यात साधारणपणे शेकडा एक भाग फॉस्फरस असतो. एक ग्रॅम खाद्यातून १० मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे फॉस्फेटच्या रूपात सुमारे ३० मिलिग्रॅम, पाण्यात जाते. माझ्या टाकीत त्याने लिटरमागे ०.१२ मिलिग्रॅमची भर पडते. प्रवाळभित्तीवरील निर्मळ समुद्रात फॉस्फेट याच्या अनेक पटींनी कमी असते. घरी येणारा प्रत्येक पाहुणा माशांना चिमूटभर खाद्य घालू इच्छितो, आणि आपल्याकडे पाहुण्याला नाही म्हणण्याची रीत नाही. मासे तर पाहुणा दिसला की उपाशी असल्याचे सोंग उत्तम करतात. शेवटी मी खाद्याची बाटली कपाटात कुलपात ठेवली. घरात यावरून थोडी कुजबुज झाली, पण शैवालाची वाढ निम्म्यावर आली.

खर्चाच्या बाजूला पाणी बदलणे ही सर्वांना ठाऊक असलेली नोंद. पण तिच्याविषयीही गैरसमज आहे. समजा आठवड्याला नायट्रेट लिटरमागे ५ मिलिग्रॅमने वाढते आणि आपण दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलतो. तर नायट्रेट वाढत वाढत ५० वर पोहोचते, बदलल्यावर ४५ होते, आणि तेथेच झुलत राहते. पाचवा हिस्सा बदलला तर ते २५ व २० यांच्यामध्ये झुलते. म्हणजे दुप्पट कष्ट केले तरी पाणी निर्मळ होत नाही, अर्धेच मळकट राहते. जमा कमी केल्यावाचून गत्यंतर नाही.

खर्चाची याहून चांगली नोंद म्हणजे फेस. समुद्राच्या पाण्यातील सेंद्रिय कणांना पाणी व हवा यांच्या सीमेवर चिकटून राहावयाची ओढ असते. उंच नळीत पाण्यातून बारीक बुडबुडे सोडले की ते कण बुडबुड्यांना धरून वर चढतात व वरच्या पेल्यात काळपट, दुर्गंधी फेस जमतो. या यंत्राला स्किमर म्हणतात. दर तिसऱ्या दिवशी तो पेला रिकामा करताना मला याच शहरातील बेळ्ळंदूर तलावाची आठवण होते. सुमारे नऊशे एकरांच्या त्या तलावात शहराचे सांडपाणी व त्याबरोबर साबणचुरा वर्षानुवर्षे जात राहिला. पाणी सांडव्यावरून कोसळले की पांढऱ्या फेसाचे ढीग उठत आणि वाऱ्याबरोबर रस्त्यावर येत. मे २०१५ मध्ये त्या फेसाने पेट घेतला. जानेवारी २०१८ मध्ये तलावात पुन्हा मोठी आग लागली. एरवी त्याच तलावावर जलपर्णीचे हिरवे रान माजे. निसर्गनियम तोच, माझ्या दिवाणखान्यातल्या नळीतला. फरक एवढाच की माझा फेस पेल्यात जमतो आणि मी तो बाहेर नेऊन टाकतो. तलावाच्या फेसाला पेला नव्हता.

हिशेब असा जुळत असला तरी माणसाने फक्त पाण्याकडे पाहून चालत नाही. चरणारे प्राणी हवेत. हे ज्ञान या छंदाइतकेच जुने आहे. १८५० च्या सुमारास लंडनचे रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी बंद पात्रात सोनमासे व पाणवनस्पती एकत्र ठेवून पाहिल्या. काही दिवसांनी पाने कुजू लागली आणि सर्वत्र हिरवा लिबलिबीत थर आला. तेव्हा त्यांनी पात्रात पाणगोगलगाई सोडल्या. त्यांनी तो थर खाऊन टाकला व पात्र टिकले. मत्स्यालयशास्त्राच्या पहिल्याच प्रयोगात शैवालाचा बहर होता आणि त्यावरचा पहिला उपाय गोगलगाय हा होता. १९६१ साली जाकार्ताचे ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत खडक जसेच्या तसे टाकीत ठेवून, यंत्रांवाचून, केवळ हवेच्या बुडबुड्यांवर समुद्रजीव जगवल्याचे प्रसिद्ध केले. त्या खडकांतील चरणारी व कुजके खाणारी अदृश्य प्रजाच ती किमया करीत होती.

चरणारे नाहीसे झाले तर काय होते, याचे सर्वांत भयंकर उदाहरण टाकीतले नसून खऱ्या समुद्रातले आहे. कॅरिबियन समुद्रातील प्रवाळभित्तींवर लांब काळ्या काट्यांची सागरी साळू शैवाल कुरतडीत असे. १९८३ साली पनामाजवळ तिच्यात साथ सुरू झाली आणि सुमारे वर्षभरात त्या संपूर्ण समुद्रातील शेकडा नव्वदांहून अधिक साळू मेल्या. जमैकाच्या किनाऱ्यावर शैवाल खाणारे मासे त्यापूर्वीच अतिमासेमारीने संपले होते, आणि १९८० च्या चक्रीवादळाने प्रवाळे मोडली होती. परिणाम असा झाला की सत्तरीच्या दशकात निम्म्याहून अधिक तळ झाकणारी जिवंत प्रवाळे नव्वदीच्या आरंभी शेकडा पाचांच्या खाली आली, आणि त्यांची जागा शैवालाने घेतली. तेव्हा पाण्यात कोणी नवे खत ओतले नव्हते. खाणारे तोंड तेवढे गेले होते. माझ्या टाकीत आज दहा-बारा शंखगोगलगाई आहेत; रात्री दिवा लावून पाहिले तर त्या काचेवर ओळी आखीत चाललेल्या दिसतात.

आता माझ्या चुकीविषयी. हिरवे केस गेल्यावर मला यशाचा कैफ चढला. शिल्लक शून्यावर आणावी, असे माझ्या मनाने घेतले. फॉस्फेट शोषणारी लोहभुकटी दुप्पट केली, खाद्य जवळजवळ बंद केले, स्किमर अहोरात्र चालवला. दोन महिन्यांनी चाचणीच्या नळीत नायट्रेटचाही रंग उठेना आणि फॉस्फेटचाही. पाणी स्फटिकासारखे झाले. आणि मग वाळूवर पुन्हा तपकिरी थर आला. मला वाटले, डायाटम असतील. पण या थराला शेंबडासारखे धागे होते, धाग्यांत बुडबुडे अडकलेले होते, आणि तो रात्री नाहीसा होऊन दुपारपर्यंत दाट होई. आठवड्यात माझ्या सर्व गोगलगाई उलट्या होऊन वाळूवर पडल्या. सहा वर्षे वयाच्या माझ्या मुलीने त्या एकेक करून ताटलीत गोळा केल्या.

हे डायनोफ्लॅजेलेट, दोन चाबकांसारख्या शेपट्यांनी पोहणारे एकपेशीय जीव. यांच्याच कुळातला नॉक्टिल्यूका कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्याच्या रात्री लाट निळसर उजळवतो, तेव्हा मुंबईहून माणसे मुद्दाम पाहावयास जातात. टाकीत येणारे त्याचे भाऊबंद असे रमणीय नसतात. त्यांपैकी कित्येक विष तयार करतात, आणि ते खाल्ले की गोगलगाई मरतात. मुद्दा हा की हे जीव भुकेल्या पाण्यात माजतात. नायट्रोजन व फॉस्फरस संपले की इतर शैवाले व सूक्ष्मजंतू उपाशी मरतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर, अत्यल्प अन्नावर निभावणारे हे लोक कब्जा करतात. अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफील्ड यांनी १९३४ साली दाखवून दिले होते की समुद्रातील सूक्ष्म जीवांच्या देहात नायट्रोजन व फॉस्फरस यांचे प्रमाण ठरावीक, फॉस्फरसच्या एका अणूला नायट्रोजनचे सुमारे सोळा, असे असते. जीवनाला दोन्ही लागतात. मी दोन्ही काढून घेतले होते.

ओळख पटवण्याची एक सोपी रीत सांगतो. थराचा नमुना बाटलीत घेऊन जोराने हलवावा, कॉफीच्या गाळणकागदातून गाळावा आणि ते स्वच्छ दिसणारे पाणी उजेडात ठेवावे. तासाभरात त्यात पुन्हा धागे जमले तर ते डायनोफ्लॅजेलेट समजावेत. उपाय मात्र मनाला पटावयास जड जातो. मी लोहभुकटी काढून टाकली, खाद्य वाढवले, आणि नायट्रेट लिटरमागे ५ ते १० व फॉस्फेट ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास राहील असे पाहिले. ज्या द्रव्यांचा मी वर्षभर पाठलाग केला होता तीच मोजून परत घातली. जोडीला तीन दिवस टाकीवर काळी चादर, आणि रात्री पाण्यात तरंगणारे जीव मरावेत म्हणून अतिनील किरणांचा दिवा. तीन महिने लागले. नव्या गोगलगाई आणण्याचे धैर्य त्यानंतर आणखी दोन महिन्यांनी झाले.

लाल-जांभळ्या मखमलीसारखा थर आला तर तो तिसराच प्रकार असतो. ते नीलहरित शैवाल म्हणवले जात असले तरी वस्तुतः शैवाल नसून सूक्ष्मजंतू असतात, आणि पाणी जेथे साचून राहते तेथे ते माजतात. प्रवाहाची दिशा बदलणे व थर ओढून काढणे हे पुष्कळदा पुरते. सूक्ष्मजंतू म्हणून त्यांवर माणसांची प्रतिजैविके घालणारे लोक आहेत. त्यांना माझा विरोध आहे. ते औषध टाकीतील उपयुक्त जंतूही मारते, आणि शेवटी गटारात जाऊन औषधाला न जुमानणारी प्रजा निर्माण करते.

वनस्पतींविषयी बरेच झाले. प्राण्यांत सर्वांत चिवट आगंतुक म्हणजे एक काचेसारखे तपकिरी समुद्रफूल. त्याचे नाव ऐप्टेशिया. एका स्नेह्याने दिलेल्या मऊ जीवाच्या बुडाशी ते नखाएवढे आले होते. दिसावयास नाजूक, पण त्याच्या स्पर्शिकांत दंशपेशी असतात आणि शेजाऱ्यांना ते जाळून टाकते. मी ते चाकूने खरवडले. महिन्याभरात तेथे अकरा झाली. सप्तशतीतील रक्तबीजाची कथा आपण जाणता. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा राक्षस उभा राहावयाचा. ऐप्टेशियाच्या तळव्याचा सुटलेला प्रत्येक कण असाच नवा प्राणी होतो. कोकणातून आलेल्या माझ्या आईने हा प्रकार पाहिला आणि ती म्हणाली, “अरे, कापतोस कशाला? परसातलं अळू कधी कापून संपलंय?”

उपाय पुढे तिच्याच पानदानातल्या द्रव्याने झाला, असे म्हटले तरी चालेल. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. बाजारातल्या खाण्याच्या चुन्यात इतर पदार्थ असू शकतात, म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचा शुद्ध चुना आणला, त्याची दाट पेस्ट केली, पंप बंद केले आणि सुई काढलेल्या पिचकारीने समुद्रफुलाच्या तोंडावरच ती घातली. ते आक्रसते, पेस्ट आत ओढून घेते आणि जळून जाते. चुना अत्यंत दाहक असल्याने हातमोजे व चष्मा हवा, आणि एका दिवशी चार-पाचांहून अधिक समुद्रफुलांच्या वाटेस जाऊ नये. अन्यथा संपूर्ण पाण्याचा आम्लतेचा तोल बिघडतो. याच चुन्याची निवळी थेंब थेंब टाकीत सोडली तर ती कॅल्शियम पुरवते व काही फॉस्फेट खाली बसवते, हे येथे जाता जाता सांगतो. खडकाच्या फटीत राहिलेल्या समुद्रफुलांसाठी खाणारे आहेत. विशिष्ट जातीचा लाल पट्ट्यांचा झिंगा ती खातो, आणि बर्घिया नावाची बोटाच्या पेराएवढी समुद्री गोगलगाय तर ऐप्टेशियावाचून दुसरे काहीच खात नाही. अन्न संपले की ती उपाशी मरते. तेव्हा काम झाल्यावर ती दुसऱ्या गरजूकडे पोचवणे हे आपले कर्तव्य ठरते.

उलट, रात्री विजेरीच्या उजेडात खडकातून सरपटणारे केसाळ कृमी पाहून नवखा माणूस घाबरतो आणि त्यांचा सापळा लावतो. त्यांना सोडून द्यावे. बहुतेक जाती कुजलेले अन्न खाऊन खडक स्वच्छ ठेवतात. मासा मेल्यावर ते त्याच्याभोवती दिसतात, म्हणून खुनाचा आळ त्यांच्यावर येतो. आमच्या कचेरीतही काही गहाळ झाले की प्रथम झाडूवाल्यालाच विचारतात. हाताला त्यांचे केस मात्र टोचतात, म्हणून खडक उचलताना हातमोजे घालावेत.

एका उपायापासून मी सर्वांना हात जोडून परावृत्त करू इच्छितो. उपद्रव फार झाला की खडक काढून त्यांवर उकळते पाणी ओतावे किंवा ते भांड्यात घालून उकळावेत, असा मोह होतो. बटणांच्या गुच्छासारखे दिसणारे काही रंगीत जीव त्या खडकांवर असतात. त्यांच्यापैकी पॅलिथोआ या जातीतून हवाईच्या शास्त्रज्ञांनी १९७१ साली पॅलिटॉक्सिन नावाचे विष वेगळे केले. निसर्गातील अत्यंत जहाल विषांत त्याची गणना होते. उकळताना वा गरम पाण्याने घासताना ते वाफेच्या बारीक तुषारांतून श्वासात जाते. अमेरिका, इंग्लंड व ऑस्ट्रेलिया येथे अशा साफसफाईनंतर घरातली सगळी माणसे, आणि त्यांच्याबरोबर कुत्रीही, आजारी पडल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. बंद स्वयंपाकघरात हा उद्योग कदापि करू नये. खडक सोडून द्यावयाचाच असेल तर घराबाहेर विरंजक चुकटीच्या द्रावणात थंडच बुडवून ठेवावा.

शेवटी, काढलेले हे सारे टाकावयाचे कोठे? हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण त्याची किंमत राष्ट्रांनी मोजलेली आहे. कॉलर्पा नावाचे हिरवेगार पिसांसारखे शैवाल युरोपातील मत्स्यालयांत शोभेसाठी वाढवले जात असे. १९८४ साली मोनॅकोच्या सागर संग्रहालयाच्या कठड्याखालच्या समुद्रात ते सुमारे एक चौरस मीटर जागेत आढळले. त्या वेळी ते हातांनी उपटता आले असते. पुढच्या काही वर्षांत भूमध्य समुद्राचा हजारो हेक्टर तळ त्याने झाकून टाकला. तेच शैवाल २००० साली कॅलिफोर्नियाच्या एका खाजणात आढळले, तेव्हा तेथील लोकांनी दिरंगाई केली नाही. प्रत्येक झुडपावर ताडपत्री टाकून आत क्लोरीन सोडले आणि २००६ साली ते नष्ट झाल्याचे जाहीर केले. एवढ्याशा क्षेत्रासाठी लक्षावधी डॉलर खर्ची पडले. आपल्याकडे मन्नारच्या आखातात शेतीसाठी आणलेले कप्पाफायकस हे परदेशी शैवाल कुरुसडै बेटाजवळच्या जिवंत प्रवाळांवर पसरल्याचे संशोधकांनी २००८ साली नोंदवले आहे.

म्हणून उपटलेले शैवाल मी वर्तमानपत्रावर पसरून गच्चीत कडक वाळवतो आणि मग सुक्या कचऱ्यात देतो. मेलेले जीव शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात एक रात्र ठेवून मगच टाकतो. त्या डब्याला घरात कोणी हात लावीत नाही. बदललेले पाणी बादलीत घेऊन त्यात विरंजक चूर्ण घालतो, दिवसभर तसेच ठेवतो आणि संडासात ओततो. पावसाच्या गटारात नाही, कारण बंगळूरचे पावसाचे गटार तलावाकडे जाते. कोकणात सुटीला जाताना कोणी टाकीतला एखादा नकोसा जीव समुद्रात सोडावा म्हणून बरोबर देऊ केला, तर तो घेऊ नये.